आधी दोरी धरा, मग गॅस पेटवा

मे महिन्याची नांगरट संपून पेरणी तोंडावर आली की या सदराचा पत्रांचा गठ्ठा फुगतो. रानातले दगड तेच असतात, घाई मात्र दरवर्षी नवी. या खेपेला वाकलेल्या लोखंडाची पत्रं एवढी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी इंजिनियर नाही. आजोबा गावचे लोहार, वडील किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत साचे भरायचे, आणि मी छत्तीस वर्षं पलूसजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शेतकऱ्यांची अवजारं खोलून बसलोय. उत्तरं त्या शेडमधली आहेत.

प्रश्न : मिस्त्री काका, आमचा ट्रॅक्टरचा दोन फाळी पलटी नांगर दगडाला अडकला. तेव्हापासून उजवीकडं माती टाकताना मागचा फाळ वर चालतो, तास उथळ जातं. डावीकडं ठीक चालतो. गावातला वेल्डर म्हणतो, फ्रेमला पीळ पडलाय, गॅसनं लाल करून अर्ध्या तासात सरळ करून देतो. करून घेऊ का?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

नको. निदान अजून नको.

तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. पलटी नांगराला फाळांचे दोन जोड असतात, एक उजवीकडं माती टाकणारा, एक डावीकडं, आणि फ्रेम दोघांना सामाईक असते. ती मागच्या टोकाला वाकली असती, तर एका बाजूला मागचा फाळ वर आला असता आणि पलटी मारल्यावर दुसऱ्या बाजूचा तेवढाच खाली घुसला असता. तुमचा डावीकडं ठीक चालतो. म्हणजे फ्रेमवर आळ घ्यायचं कारण नाही. दोष त्या एका फाळाच्या पायात, म्हणजे फाळ फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यात आहे, नाहीतर पाय धरणाऱ्या बोल्टात. वेल्डरनं फ्रेम लाल केली असती तर चांगला अवयव कापून दुखरा तसाच ठेवल्यासारखं झालं असतं.

आता असं करा. नांगर सिमेंटच्या सपाट कोब्यावर उभा करा, खाली ठोकळे द्या, हलणार नाही हे बघा. मागच्या डाव्या फाळाच्या टोकापासून फ्रेमपर्यंत टेपनं माप घ्या. मग पलटी मारून उजव्याचं तेच माप घ्या. पलटी नांगराची एक मोठी सोय अशी, की डावा जोड हा उजव्याचा आरसा असतो. कंपनीचं माप शोधत बसायला नको, नमुना नांगरावरच बांधलेला आहे. पुढच्या फाळाच्या टोकापासून मागच्याच्या टोकापर्यंत दोरी ताणून तेही अंतर दोन्ही बाजूंना ताडून बघा. फरक किती मिलिमीटर आणि कुठल्या दिशेला, हे खडूनं फ्रेमवरच लिहा. कागद हरवतो.

मापं सारखी निघाली तर? हसू नका, असं पुष्कळदा होतं. मग तीन गोष्टी बघा. एक, त्या बाजूचा फाळ झिजून आखूड झालाय का. दोन, पायाच्या बोल्टाचं भोक लांबट झालंय का. पाय हातानं हलवला की कळतं. तीन, पलटी मारल्यावर नांगर ज्या स्टॉपरच्या बोल्टावर टेकतो तो सरकलाय का. तो दोन आटे फिरला तरी अख्खा नांगर एका अंगाला कलतो आणि माणसाला वाटतं लोखंड वाकलं. माझ्याकडं विट्याकडचा एक गडी असा नांगर घेऊन आला होता. मी पाना लावला, बोल्ट फिरवला, चहा पाजला आणि परत पाठवला. पैसे घेतले नाहीत, म्हणून त्याला वर्षभर संशय होता की मी काही केलंच नाही.

पायच वाकला असेल, तर तो का वाकला ते आधी विचारतो. फाळाच्या पायाला बहुतेक नांगरांत दोन बोल्ट असतात. एकावर पाय झुलतो आणि दुसरा जाणूनबुजून कमजोर ठेवलेला असतो, दगड लागला की तो तुटावा आणि पाय वाचावा म्हणून. सारखा तुटतो म्हणून वैतागून कुणीतरी तिथं १०.९ आकड्याचा कडक बोल्ट घालतं. बोल्टाच्या डोक्यावर आकडा असतो, बघा आणि नांगराच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. बोल्ट तुटला नाही की पाय वाकतो, पाय नाही वाकला तर फ्रेम. दहा-वीस रुपयांच्या बोल्टाचं काम हजारोंच्या फ्रेमनं करायचं, असा हा हिशेब.

आता सरळ करायचं कसं. नांगराचा पाय साध्या पट्टीचा नसतो. ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघा. एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर जातात आणि टोकाला थोड्याच फुटतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या जवळच फुटतात, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या. फुलबाजी दिसली तर समजा की याला कारखान्यात पाणी दिलेलं आहे, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं आहे. लाल केला की ते पाणी उतरतं. पाय सरळ दिसेल, रंग मारला की नवा वाटेल, आणि पुढच्या दगडाला त्याच जागी वाकेल. म्हणून असा पाय थंडच प्रेसखाली धरायचा. दोन बाजूंना टेकू, मध्ये हळूहळू दाब. लोखंड परत उसळी घेतं, त्यामुळं चार मिलिमीटरचा बाक असेल तर सहा-सात मिलिमीटर उलटा दाबावा लागतो, तेव्हा सोडल्यावर सरळ राहतो. प्रत्येक दाबानंतर सोडून दोरी धरायची. शेवटी बाकाच्या जागी रॉकेलचा बोळा फिरवा, पुसा आणि खडू घासा. बारीक चीर असेल तर रॉकेल आतून पाझरून खडूवर रेघ उमटते. रेघ दिसली तर तो पाय भंगारात, नवीन घ्या. त्यावर वेल्डिंग मारून वापरू नका.

फ्रेम, अँगल, चॅनल ही साध्या लोखंडाची असतात. ती तापवून सरळ करता येतात. पण तापवायची म्हणजे किती? सावलीत जेमतेम दिसेल असा मंद लाल रंग, साधारण ६०० ते ६५० अंश. तो उन्हात दिसतच नाही. भर दुपारी उघड्यावर गॅस मारणाऱ्याला लोखंड काळंच वाटतं, म्हणून तो मारत राहतो आणि त्याला लाल दिसेपर्यंत ते नारिंगी झालेलं असतं. पिवळ्याच्या पुढं जाऊन तारे उडायला लागले की लोखंड जळालं समजा, ते पुन्हा जोडीला येत नाही. उलटं टोकही तितकंच वाईट. निवत आलेलं, निळसर झाक आलेलं लोखंड ठोकू नका. त्या तीनशे अंशांच्या आसपास ते ठिसूळ असतं.

आणि पाणी ओतू नका. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. धंद्यात नवा होतो, ऊसतोडीचा हंगाम भरात, एक ट्रॉलीवाला वाकलेला आस घेऊन आला. रात्रीच कारखान्याला खेप लावायची होती. मी आस लाल केला, सरळ केला आणि तो उभा राहून घाई करतोय म्हणून वर बादलीभर पाणी मारलं. आसाचं पोलाद मध्यम कार्बनचं, पाण्यानं ते काचेसारखं कडक झालं. चौथ्या दिवशी भरली ट्रॉली घेऊन जाताना वळणावर आस काडीसारखा मोडला. माणूस वाचला. रस्त्यावर पडलेला ऊस शाळेतून सुटलेली पोरं तासभर ओढत होती आणि मी मान खाली घालून जॅक लावत होतो. त्यानंतर माझ्या शेडमध्ये तापवलेलं लोखंड आपलं आपण निवतं. कोरड्या राखेत, कोरड्या वाळूत, ओल्या जमिनीवर नाही.

प्रश्न : भाऊ, आमच्या बैलाच्या डवऱ्याची पास मधातून वाकली. एका बाजूनं खोल जाते अन् दुसऱ्या बाजूचं तण तसंच राहते. गावात आता लोहार नाही. घरी सरळ करता येईल का?
— एक शेतकरी महिला, ता. वणी, जि. यवतमाळ

येईल, ताई. तुमच्या पत्रावर आधी माझ्या मुलानं मला विचारलं की डवरा म्हणजे काय. आमच्याकडं आम्ही कोळपं म्हणतो, पिकाच्या ओळींतलं तण काढायचं अवजार. पास म्हणजे त्याचं तण कापणारं आडवं पातं.

पास काढा आणि माती खरवडून धुवा. एक डोळा मिटून धारेच्या रेषेत बघा, बाक कुठं सुरू होतो तिथं खडूची खूण करा. दोन जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडाचे तुकडे वीतभर अंतरावर ठेवा, त्यावर पास उताणी टाका, फुगीर बाजू वर. दोन ठोकळ्यांच्या मधल्या खुणेवर हातोडा मारा. जोरात एक नको, हलके दहा. धारेवर मारायचं नाही, पासेच्या रुंदीवर मारायचं. दर दोन-तीन घावांनी उचलून बघा. पास खाली पूर्ण टेकवून ठोकली तर ती सरळ होत नाही, नुसती चेपते आणि ताणून लांब होते. बहुतेक जण इथंच चुकतात.

हे झालं साध्या लोखंडाच्या पासेचं. गाडीच्या जुन्या पाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीतून कापलेली असेल तर गोष्ट वेगळी. पाटा कसा ओळखायचा? कानस घासून बघा. साध्या लोखंडाला ती धरते आणि चुरा पडतो. पाट्यावर घसरते. पाट्याची पास थंडी ठोकली तर तिचा तुकडा उडू शकतो, आणि तो सरळ डोळ्याकडं येतो. चष्मा नसेल तर हे काम करू नका, पोरांना जवळ उभं राहू देऊ नका.

पाट्याच्या पासेला भट्टीच हवी. आजोबा बाभळीचा कोळसा वापरायचे, तुमच्याकडंही बाभूळ आहेच. पासेचा वाकलेला भाग लाल होऊ द्या आणि हातोड्यानं हळूच सरळ करा. मग धारेचं काम. धार पुन्हा लाल करा, लोहचुंबक चिकटायचं थांबेपर्यंत. ही साधारण ७७० अंशांची खूण आहे आणि ती फुकट मिळते. त्याच्या किंचित पुढं नेऊन धार तेलात बुडवा. आजोबा करडईचं वापरायचे, मी जळकं इंजिन ऑइल वापरतो. तेल भडकतं, म्हणून भांडं लोखंडाचं आणि झाकण हाताशी. पाण्यात बुडवली तर पाटा तडकतो. आता धार कडक आहे पण दगडाला तुटेल. ती विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी करा आणि पाठीकडून हळूहळू शेकत राहा. पांढऱ्या लोखंडावर रंग धावतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळ्याचा निळा होऊ लागला की आगीतून काढा आणि निवू द्या. विळ्याला पिवळ्यावर थांबतात, कारण त्याला दगड लागत नाही. डवऱ्याला निळ्यापर्यंत जावं लागतं.

एक शब्द या निमित्तानं आठवला. नांगराचा फाळ बोथट झाला की तो तापवून, ठोकून टोक पुन्हा काढायचं, त्याला आमच्याकडं ‘फाळ शेवटणे’ म्हणत. सुगीला बलुतं घ्यायचं आणि वर्षभर फाळ शेवटून द्यायचे. माझ्या शेडमध्ये मागच्या पाच-सहा वर्षांत हा शब्द एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला नाही.

प्रश्न : रोटाव्हेटर विहिरीच्या कठड्याच्या दगडावर गेला. पाच पाती वाकली आणि आता मशीन थरथरतं, बेअरिंग तापतं. पाती तापवून सरळ केली तर चालतील ना? शाफ्टचं काय करू? ट्रॅक्टरपासून येणारा जोडशाफ्टही थोडा वाकल्यासारखा दिसतो.
— एक वाचक, ता. माण, जि. सातारा

पाती सरळ करू नका. ती बोरॉन मिसळलेल्या पोलादाची असतात, त्यांची सगळी किंमत कारखान्यात दिलेल्या पाण्यात आहे. तापवली की शिंगासारखी कडक पाती गुळासारखी होतात. बदलताना समोरासमोरची जोडीनं बदला, म्हणजे एकीकडं जुनं झिजलेलं आणि दुसरीकडं नवं जड असं होणार नाही. डावी आणि उजवी पाती वेगळी असतात, आणि शाफ्टवर ती जिन्यासारखी गोल फिरत लावलेली असतात. म्हणून सगळी एकदम खोलू नका. एक काढा, एक लावा. एकदम खोलून पोत्यात भरून आणणाऱ्यांचा अर्धा दिवस माझ्याकडं पातीची जागा शोधण्यात जातो.

शाफ्ट तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात, जोडशाफ्ट काढलेला. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर नुसता उचलून त्याच्याखाली हात घालू नका, ठोकळे द्या. एका टेकूला खिळा बांधून त्याचं टोक शाफ्टच्या पाईपाजवळ आणा आणि शाफ्ट हातानं फिरवा. सायकलच्या चाकाचा बाक बघतात तसं. जिथं पाईप खिळ्याला घासतो तिथं खडू मारा. दोन्ही टोकांना आणि मध्ये असं तीन ठिकाणी बघा. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची लचक असेल तर मी पाती नीट करून चालवून बघतो. त्याहून जास्त असेल तर शाफ्ट उतरवावा लागतो.

उतरवलेला शाफ्ट ठोकून सरळ होत नाही, तिथं आगीची युक्ती लागते. ती सांगतो, पण स्वतः करू नका, जाणत्याकडून करून घ्या. एक मीटर लोखंड शंभर अंश तापलं की सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबतं. आता पाईपाच्या बाकाच्या बाहेरच्या, फुगीर बाजूला रुपयाएवढीच जागा मंद लाल करायची. त्या जागेला पसरायचं असतं, पण भोवतालचं थंड लोखंड तिला पसरू देत नाही. मग ती जागच्या जागी जाड होते. निवताना मात्र ती आकसते आणि तिला कुणी अडवत नाही, म्हणून ती पाईपाची ती बाजू ओढून घेते. पाईप हळूहळू सरळ होतो, एकही घाव न घालता. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते. माणूस घाई करतो आणि बाकाच्या आतल्या बाजूला तापवतो, मग बाक दुप्पट होतो. एक ठिपका, पूर्ण निवू द्यायचा, माप, मग दुसरा ठिपका.

त्याआधी एक काम. रोटरचा पाईप दोन्ही टोकांनी बंद असतो. आत ओल गेलेली असते, कधी ग्रीस असतं. बंद पोकळी तापवली की आतली वाफ बॉम्बसारखी फुटते. आधी बारीक भोक पाडा, तापवा, काम झालं की भोक बुजवा. पाणी भरायच्या बंद रोलरलाही हाच नियम, आणि डिझेलच्या टाकीला तर गॅस जवळसुद्धा आणू नका.

जोडशाफ्टचं उत्तर एका ओळीत : नवीन घ्या. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. किंचित वाकलेला शाफ्टही त्या वेगात क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) खातो, बेअरिंग खातो, आणि सुटला तर ड्रायव्हरच्या पाठीशी असतो. तो सरळ करून द्यायला मी आजवर एकदाही कबूल झालेलो नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी. नवा घेताना वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नका. धोतर, साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला गमछा, सगळं त्यात गुंडाळलं जातं.

प्रश्न : द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचा उजवा लोअर लिंक (अवजार धरणारा खालचा दांडा) दुसऱ्यांदा वाकला. एकदा सरळ करून आणला होता.
— एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली

शेजारी आहात, पत्र कशाला लिहिलंत, यायचं होतं. लिंक नवा बसवा, एकदा सरळ केलेला दुसऱ्यांदा करत नाहीत. आणि दोन गोष्टी बघा. चेक चेन, म्हणजे लिंक बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या, सैल आहेत का? अवजार मागं झुलतं आणि बांधावर वळताना सगळा भार एकाच लिंकवर येतो. दुसरं, पिन. छोट्या ट्रॅक्टरची लोअर पिन २२ मिलिमीटरची, मोठ्याची २८ ची. मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार उसनं आणून छोट्याला जोडलं की त्याची पिन छोट्याच्या लिंकमध्ये बसत नाही आणि काहीतरी जुगाड होतो. तुमच्याकडं तेच झालंय असा माझा अंदाज आहे. बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) संपल्यावर अवजार उचलून मग वळा. बागेत जागा कमी असते म्हणून लोक जमिनीतच फिरवतात.

प्रश्न : पॉवर टिलरच्या हँडलखालचा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्रॅकेट वाकला आहे. तापवून ठोकला तर सरळ होईल का?
— एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

वाकला असेल तर तो साध्या बीडाचा नाही. साधं बीड वाकत नाही, मोडतं. त्यात तीन टक्क्यांवर कार्बन असतो, साध्या लोखंडात जेमतेम पाव टक्का. आधी खात्री करा. जिथं नुकसान होणार नाही अशा जागी बारीक ड्रिल मारा. काळी भुकटी पडली तर बीड. स्प्रिंगसारखी गुंडाळी निघाली तर पोलाद, आणि मग तो मंद लाल करून सरळ करता येईल. ठिणगीनंही कळतं, बीडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर.

भुकटी पडली आणि तरी थोडा बाक दिसतोय, तर डोळ्यांना तो बाक वाटतोय पण आत चीर गेलेली आहे. रंग खरवडा, रॉकेल-खडू करा, सापडेल. मग ठोकणं विसरा. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडा, म्हणजे ती पुढं पळत नाही. चीर ग्राइंडरनं खोल करा, तेलकटपणा जाळून काढा आणि निकेलच्या रॉडनं जोडा. इंचभर टाका मारायचा, गरम असताना छोट्या हातोडीनं टिचक्या द्यायच्या, हात लावता येईल इतका निवला की पुढचा इंच. सलग ओढलात तर टाक्याच्या शेजारी ‘टण्’ असा आवाज येतो. तो नवी चीर पडल्याचा आवाज. शेवटी चुन्याच्या किंवा कोरड्या राखेच्या डब्यात पुरून रात्रभर ठेवा. साध्या रॉडनं जोडून देणारे स्वस्तात देतात, आणि तो टाका गाडी शेतात पोचेपर्यंत टिकतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वाडी वसवली आणि तिथून नांगर काढले, तो कारखाना बीडावरच उभा राहिला. वडील सांगायचे, फाउंड्रीत मोडका माल आला तर तो सरळ भट्टीत परत टाकायचा, दुरुस्तीचा विचारच नाही. मी नेमका दुरुस्तीच्या धंद्यात पडलो यावर त्यांचं मत फार चांगलं नव्हतं.

प्रश्न : वादळात शेडनेटचे जीआय पाईप वाकले. गॅसनं तापवून सरळ करावेत का?
— एक वाचक, ता. दिंडोरी, जि. नाशिक

जीआय पाईपाला जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर चव येते, सकाळी उतरतो. आमच्या पोरांना वाटायचं मलेरिया झाला. म्हणून तापवू नका, आणि तापवला तर मुलामा जाऊन पहिल्या पावसात गंज धरतो ते वेगळंच.

लांब, गोलाईत वाकलेला पाईप थंडच सरळ होतो. आत कोरडी वाळू ठासून दोन्ही टोकांना लाकडी गुडद्या मारा, मग पाईप चेपत नाही. झाडाच्या दुबेळक्यात किंवा दोन खांबांत अडकवून लांब टोकानं रेटा द्या, थोडं-थोडं सरकवत. पण जिथं पाईपाला घडी पडलीय तिथं सरळ केला तरी ताकद परत येत नाही. तेवढा तुकडा कापा, आत बसेल असा वीत-दोन वीत पाईप घाला आणि बोल्टनं आवळा. वेल्डिंग करणारच असाल तर मुलामा ग्राइंडरनं आधी उडवा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा.

प्रश्न : मी आयटीआय वेल्डर पास आहे. गावात अवजार दुरुस्तीचं शेड टाकतोय. कर्ज थोडंच मिळालंय. आधी काय घेऊ?
— एक तरुण वाचक, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

पोरा, वेल्डिंग मशीन तू घेणारच, ते सोड. मला विचारशील तर त्याआधी वीस टनी बॉटल जॅक, जाड साखळी आणि सहा-सात फुटांचे दोन जाड आय-बीम घे. बीम समांतर ठेवून साखळीनं बांधले आणि मध्ये जॅक धरला की गरिबाचा प्रेस तयार होतो, माझी पहिली दहा वर्षं त्यावर गेली. साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत उभा राहू नकोस, वरून ओलं पोतं टाकून ठेव. तुटली तर पोतं तिला धरतं.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा छान चालतो. पण भंगारवाल्याकडून घेताना बिल घे, बिल नसेल तर घेऊ नकोस. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथं चालत नाही.

गॅसच्या सेटमध्ये काळी टाकी ऑक्सिजनची, तपकिरी-लाल ॲसिटिलीनची, हे तुला शिकवलं असेल. शेतीच्या शेडमध्ये वेगळा धोका असा, की सगळ्यांचे हात ग्रीसनं माखलेले असतात. ऑक्सिजनच्या नोझलला, रेग्युलेटरला ग्रीसचा हात लागू देऊ नकोस, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेतं. चावी घट्ट झाली म्हणून तेलाचा थेंब सोडणारा ‘मदतनीस’ शेतकरी तुला पहिल्याच महिन्यात भेटेल.

बाकी गुण्या, ओळंबा, दोरी, टेप, लोहचुंबक, खडू. हे सगळं मिळून हजाराच्या आत येतं. आणि एक वही. कुणाचं कुठलं अवजार, कुठं किती वाकलं होतं, थंड केलं की गरम. तेच अवजार त्याच जागी वाकून परत आलं की वही उघडायची. माझ्या वहीत एकाच नांगराचं नाव अकरा वेळा आहे. नांगरात दोष नव्हता. त्याच्या रानात एक दगड होता, मातीखाली हातभर. शेवटी मीच पहार घेऊन गेलो, दोघांनी मिळून तो काढला आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.